कागद नसलेले जुने बदल: काढायचे की नियमित करायचे?

रिव्हेटवाला:
अमेरिकेत १९६६ ची सेस्ना १७२ (चार आसनी लहान विमान) सेकंडहँड घेतली की हे हमखास दिसतं: पोटाखाली जादाची अँटेना, पॅनलमागे वायरींचं जंजाळ, लॉगबुकात मात्र अवाक्षर नाही. माझं मत सरळ आहे, कागद नाही ते काढा. विमान टाइप सर्टिफिकेटशी (त्या मॉडेलच्या रचनेच्या मंजुरीचा दाखला) किंवा मंजूर बदलाशी जुळायला हवं आणि सुस्थितीतही हवं. वीस अ‍ॅन्युअलवर (वार्षिक तपासण्यांवर) सह्या झाल्या म्हणून बदल पावन होत नाही.

टेलड्रॅगर:
इतकं सरसकट नको. अँटेना काढली की पत्र्याला भोक राहतं. ते बुजवायलाही पॅच आणि नोंद लागतेच. आधी ओक्लाहोमा सिटीहून एफएएची (अमेरिकेच्या विमान नियामकाची) या विमानाची फाइल मागवा. मालकाकडची फॉर्म ३३७ ची (मोठ्या दुरुस्ती-बदलाच्या नोंदीचा फॉर्म) प्रत गहाळ झाली तरी दुसरी तिथे असू शकते. नसेल, तर बदल किरकोळ की मोठा ते ठरवा. किरकोळला लॉगबुकातली नोंद पुरते, मोठ्याला ३३७ आणि मंजूर डेटा हवा. खांद्याचे पट्टे मुख्य सांगाड्याला भोक न पाडता, वेल्डिंग न करता लावले असतील तर किरकोळात बसू शकतात. तेही उपटणार?

रिव्हेटवाला:
पट्टे राहू द्या. पण दुसऱ्याच्या कामावर आज सही कोण करणार? मेकॅनिकला सगळं उघडून तपासावं लागतं, म्हणजे जवळपास नव्यानेच काम. एसटीसी (बदलासाठीचं पूरक टाइप सर्टिफिकेट) असेल तर धारकाचं परवानगीपत्रही हवं. आणि वायर बघा: २० गेजची (आकडा मोठा तितकी वायर बारीक) वायर १५ अँपिअरच्या ब्रेकरवर! एसी ४३.१३-१बी या एफएएच्या दुरुस्ती-मार्गदर्शिकेच्या तक्त्यात २० गेजला साडेसात अँपिअरचा ब्रेकर, १५ अँपिअरला १६ गेज. शॉर्ट झालं तर ब्रेकर पडायच्या आत वायर जळू शकते. याला कसला कागद करता? ब्रेकरपासून शेवटच्या टोकापर्यंत काढा, मधे कापून लोंबती ठेवू नका.

टेलड्रॅगर:
वायरीवर वाद नाही. अँटेनेवर आहे. आत डबलर (पत्र्याला बळकटी देणारा जादा पत्रा) आहे का, रिव्हेट कडेपासून व्यासाच्या दुप्पट अंतरावर आहेत का, ते मोजा. ३.२ मिमीच्या रिव्हेटला ६.४ मिमी. बसत असेल तर चांगलं काम का उखडायचं?

वजनकाटा:
काढा नाहीतर ठेवा, आधी विमान काट्यावर चढवा. पन्नास वर्षांची बेरीज-वजाबाकी करून आलेलं रिकामं वजन म्हणजे अंदाजच. आणि हे विमान सीएआर ३ या जुन्या प्रमाणन-नियमांखालचं: रिकाम्या वजनात न निथळणारं तेलच धरतात. इंजिनाची तेलाची टाकी (संप) भरलेली ठेवून तोललंत तर ८ क्वार्टचे १५ पौंड वजा करा, त्यांचा मोमेंटही (वजन गुणिले अंतर). नाहीतर सीजी (गुरुत्वमध्य) कागदावर पुढे सरकतो, विमानात नाही.