शब्दचर्चा: 'मिनिमल टेक्नो'ला मराठीत काय म्हणावं?

अनुस्वार:
डेट्रॉइट आणि बर्लिनच्या टेक्नोवर (यंत्रांवर बनवलेल्या नाचाच्या संगीतावर) मराठीत लिहायला घेतलं की 'मिनिमल' या शब्दापाशी गाडी अडते. कोशात 'किमान', 'न्यूनतम', 'अल्पतम' हे पर्याय मिळतात. तिन्ही खटकतात. नुसतं 'मिनिमल' ठेवलं तर नवखा वाचक त्याचा अर्थ 'संथ, शांत, कमी वाद्यांचं' असा लावतो, आणि तो बरोबर नाही. लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा), किकचं टेल (यंत्रातल्या ढोलाच्या ठोक्यानंतर लांबणारा नाद), स्पेस (आवाजांमधलं रिकामपण), डिले (आवाज मागून पुन्हा ऐकू येणं) यांनाही चालतील असे शब्द हवे आहेत. शब्द सुचवताना ती गोष्ट प्रत्यक्षात कशी बनते तेही सांगा, म्हणजे शब्द पारखून घेता येईल.

मंद्र:
'किमान' म्हणजे जिच्याखाली उतरता येत नाही अशी पायरी. किमान वेतन, किमान तापमान, 'किमान फोन तरी करायचा होता'. त्यात नाइलाज किंवा तक्रार असते. 'न्यूनतम'मध्ये 'न्यून' म्हणजे उणीव आलीच. मिनिमल टेक्नोत उणीव नाही, निवड आहे. डेट्रॉइटचा संगीतकार रॉबर्ट हूड याचं 'मिनिमल नेशन' १९९४ साली जेफ मिल्सच्या ॲक्सिस लेबलवर आलं. रेव्हमध्ये, म्हणजे रात्रभराच्या नृत्यमेळाव्यांत, वेग आणि गोंगाट वाढत चालला होता, त्याला ते उत्तर होतं. हूडने ढोल, बेसची एखादी आकृती आणि सिंथच्या (इलेक्ट्रॉनिक सूरवाद्याच्या) दोन-चार सुरांचा तुकडा एवढंच ठेवलं, आणि सगळं लक्ष ते कसं हलतं यावर दिलं. म्हणून माझा शब्द 'मोजकं'. मोजकं बोलणाऱ्या माणसाकडे सांगण्यासारखं कमी असतं असं आपण समजत नाही, उलट त्याचा शब्द कान देऊन ऐकतो.

आणि वेगाचं म्हणाल तर मिनिटाला १२५ ते १३० ठोके सर्रास असतात. संथ म्हणण्यासारखं त्यात काही नाही.

शब्दशोध:
'मित'चाही विचार व्हावा. मितभाषी, मिताहार. संस्कृत 'मा' म्हणजे मोजणे, त्यावरून 'मित' म्हणजे मोजलेलं. 'मोजकं'मध्येही मोजणंच आहे, त्यामुळे दोन्ही शब्दांचा रोख एकच. 'मितटेक्नो' मात्र उच्चारायलाच अवघड.

'मोजकं'ला एक अडचण आहे. 'मोजकी माणसं आली' यात तो संख्या सांगतो. 'मी मोजकं टेक्नो ऐकतो' या वाक्याचा अर्थ कोणीही 'निवडक, थोडंच ऐकतो' असाच घेईल. शैलीचं नाव म्हणून तो उभा राहत नाही. तेव्हा नाव 'मिनिमल टेक्नो'च ठेवावं आणि गुण सांगताना 'मोजकेपणा' वापरावा: 'या तुकड्याचा मोजकेपणा हाय-हॅटमध्ये (झांजांच्या जोडीच्या आवाजात) दिसतो.' 'टेक्नो'चं लिंग नपुंसक, कारण 'संगीत' अध्याहृत आहे.

आवर्तन:
लूपला 'आवर्तन' शोभतं, आणि ते नुसतं भाषांतर नाही. टेक्नोच्या यंत्रावर एका मापात (चार ठोक्यांच्या bar मध्ये) १६ घरं असतात, त्रितालात १६ मात्रा. (step ला 'घर' म्हणतोय, पटावरच्या घरासारखं.) त्रितालात १० ते १३ या मात्रांवर 'तिं तिं ता ता' येतं, म्हणजे डग्गा गप्प होतो आणि १४व्या मात्रेला 'धिं'वर परत येतो. मिनिमल टेक्नोत दोन-चार घरांपुरती किंवा अख्ख्या मापापुरती किक काढून परत आणली की कानाला तसाच ओढा लागतो.

फरक समेचा (आवर्तन जिथे सुरू होतं त्या पहिल्या मात्रेचा) आहे. तालात सगळ्यांची सम एक. इथे प्रत्येक आवाजाचं आवर्तन वेगळ्या लांबीचं असू शकतं. किक १६ घरांची, एक टिचकी ५ घरांची, सिंथचा तुकडा ७ घरांचा. १६ आणि ५ यांची सम ८० घरांनी, म्हणजे ५ मापांनी जुळते. तिन्ही एकत्र ५६० घरांनी, म्हणजे ३५ मापांनी. मिनिटाला १२५ ठोके धरले तर एक घर १२० मिलिसेकंदांचं आणि माप १.९२ सेकंदांचं, म्हणजे ही मोठी सम ६७.२ सेकंदांनी येते. तीन आवाज घेऊन मिनिटभर तिघांची एकत्र जुळणी हुबेहूब परत येत नाही. तिहाई (तीनदा वाजवून समेवर आणायचा तुकडा) बसवणाऱ्यांना हा हिशेब नवा नाही.

अनुस्वार:
हे फार उपयोगी आहे. मग किकच्या टेलला 'शेपटी' म्हणू का?

आवर्तन:
'घुमारा' म्हणा. डग्ग्याच्या घुमाऱ्यासाठी तो शब्द रूढ आहे आणि किकची गोष्ट तीच आहे: आधी थाप, मग घुमारा. 'किकची थाप बोथट आहे', 'घुमारा लांबलाय' असं म्हटलं की दोन वेगळे दोष लगेच कळतात.

मंद्र:
'घुमारा' उत्तम. मिनिमलमध्ये सगळ्यात जास्त बिघडतं ते तिथेच, म्हणून जरा सविस्तर.

किक १, ५, ९, १३ या घरांवर. बेसचा एकच सूर, ३, ७, ८, ११ आणि १५ या घरांवर. किकनंतर तिसरं घर २४० मिलिसेकंदांनी येतं. घुमारा ४०० मिलिसेकंद ठेवला तर १६० मिलिसेकंद किक आणि बेस एकमेकांवर चढतात. त्यात किक ४९ हर्ट्झला आणि बेस ५५ हर्ट्झला असेल तर फरक ६ हर्ट्झचा, म्हणजे आवाज सेकंदाला ६ वेळा फुगतो आणि बसतो. १६० मिलिसेकंदांत असा जवळजवळ एक पूर्ण झोका मावतो आणि बेसची सुरुवातच पोकळ लागते. इथे बहुतेक जण बेसचा आवाज वाढवतात. त्याने पोकळी तशीच राहते आणि बाकी सगळं दबतं. उपाय दोन: घुमारा २२० मिलिसेकंदांवर आणायचा, नाहीतर दोघांचा सूर एक करायचा. रोलंडच्या टीआर-९०९ वर (१९८३चं तालयंत्र) 'ट्यून'ची खुंटी किकचा मूळ सूर बदलत नाही, सूर वरून खाली घसरायला लागणारा वेळ बदलते. तेव्हा तिथे किक बेसला जुळवायला जाऊ नका, बेस किकला जुळवा.

बाकीच्या आवाजांचं खालचं अंग १२० ते १५० हर्ट्झपासून कापून टाकायचं. टाळी ५ आणि १३ वर, उघडी हाय-हॅट ३, ७, ११, १५ वर. मिटलेली हाय-हॅट सगळ्या घरांवर, पण जोर सारखा नको: १२७ पैकी ९० आणि ६० आलटून पालटून, अधूनमधून एखादा ४०. सगळे ठोके एकाच जोराने पडले की मोजकेपणा जाऊन शिवणयंत्र ऐकू येतं.

शब्दशोध:
स्विंगला (एकाआड एक ठोका किंचित उशिरा पाडण्याला) 'झोल' असं कोणी तरी सुचवेल, म्हणून आधीच सांगतो: नको. बोलीत झोल म्हणजे गडबड, लबाडी. 'डुल' घ्या. 'हाय-हॅटला थोडी डुल दिली.'

मंद्र:
डुल चालेल. तिचं मापही लिहून ठेवा: ५० टक्के म्हणजे सरळ लय. ५४ टक्के केलं की २, ४, ६ अशा सम क्रमांकाचं प्रत्येक घर ९.६ मिलिसेकंद उशिरा पडतं. या संगीतात एवढं पुरतं. ६० टक्क्यांच्या पुढे गेलात की ते दुसऱ्याच कुळातलं वाटायला लागतं.

अनुस्वार:
'स्पेस'ला 'जागा' चालेल?

आवर्तन:
अजिबात नको. मराठी गाण्यात 'जागा' म्हणजे गायकाने घेतलेली देखणी हरकत. 'या तुकड्यात जागा खूप आहेत' असं लिहिलंत तर वाचक नेमकं उलटं समजेल. 'मोकळीक' किंवा 'अवकाश'.

शब्दशोध:
डिलेला 'पडसाद', रिव्हर्बला 'घुमणं' सुचवतो. पडसाद मोजता येतात, घुमणं नाही.

मंद्र:
मोजूनच दाखवतो, कारण 'मोजकं'चा कस इथे लागतो. बर्लिनच्या बेसिक चॅनलने, म्हणजे मोरित्झ फॉन ओस्वाल्ड आणि मार्क एर्नेस्टस यांनी, १९९३पासून जे केलं त्यात सिंथचा एक आखूड मायनर कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) आणि त्याचे पडसाद यांवर अख्खी रचना उभी राहते. ही रीत जमैकाच्या डबमधून (रेगे गाण्यांच्या पडसाद घालून केलेल्या अवतारांतून) आली. कॉर्ड १०० मिलिसेकंदांचा, पडसाद तीन घरांनी, म्हणजे ३६० मिलिसेकंदांनी. प्रत्येक पडसाद आधीच्याच्या ४० टक्के ठेवला तर दर वेळी आवाज ८ डेसिबलने उतरतो. पाचवा पडसाद १.८ सेकंदांनी येतो आणि तोवर आवाज ४० डेसिबलने खाली गेलेला असतो. माप संपता संपता मैदान मोकळं. तेच प्रमाण ७० टक्के केलंत तर दर वेळी जेमतेम ३ डेसिबल उतरतात. तेवढंच खाली जायला १३ पडसाद लागतात, सुमारे पावणेपाच सेकंद, आणि तोवर पुढचे दोन कॉर्ड येऊन बसलेले असतात. आवाज तेवढेच, पण मोजकेपणा गेला. १०० टक्क्यांच्या वर पडसाद विरतच नाहीत, वाढत जातात. ती युक्ती म्हणून क्षणभर वापरतात, हात खुंटीवर ठेवून.

पडसादांतून ३०० हर्ट्झखालचं आणि ४००० हर्ट्झवरचं काढून टाका, नाहीतर ते किक आणि हाय-हॅटवर चढतात. मग फिल्टर (आवाजाचा काही भाग कापणारं साधन) ३२ मापांत, म्हणजे एका मिनिटात, सावकाश उघडा. ऐकणाऱ्याला बदल झाल्याचं कळतं, बदल होताना कळत नाही.

शब्दशोध:
मग रिकार्दो व्हिलालोबोसचं काय? त्याच्या 'आल्काचोफा' या अल्बममध्ये (२००३) बारीकसारीक आवाज भरपूर आहेत. तिथे 'मोजकं' लागू पडतं का?

मंद्र:
त्या प्रवाहाला 'मायक्रोहाउस' हे वेगळं नाव २००१मध्येच मिळालं होतं. तिथे 'बारीक' हा शब्द बसतो, बारीक नक्षीतला. आवाज पुष्कळ, पण एकेक टिचकी २०-३० मिलिसेकंदांची, म्हणून दाटी होत नाही. हूडकडे वगळणं आहे, इथे आखडणं आहे.

अनुस्वार:
तर लेखात असं घेतो: शैलीचं नाव 'मिनिमल टेक्नो', गुण 'मोजकेपणा', शिवाय आवर्तन, घर, थाप, घुमारा, डुल, मोकळीक, पडसाद. ग्रूव्ह राहिला. 'ठेका' लिहू?

आवर्तन:
'पायाने ठेका धरला' या अर्थाने जरूर. पण तबल्यात ठेका म्हणजे तालाचे ठरलेले बोल, आणि तुम्ही शेजारीच 'आवर्तन' वापरताय. वाचक त्या अर्थाने घेईल. किक, टाळी, हाय-हॅट यांच्या मांडणीला 'ठेका' म्हणा. ती मांडणी अंगात भिनते त्याला 'ग्रूव्ह'च राहू द्या.