हळदीने विसरणं थांबतं का?

धाकटी सून: सासूबाई ७२ वर्षांच्या. हल्ली गॅस चालू ठेवून पूजेला बसतात. जाऊबाईंनी हळदीतल्या कर्क्युमिनच्या गोळ्या पाठवल्यात. मला वाटतं द्याव्यात. हरयाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत अल्झायमर अमेरिकेपेक्षा खूप कमी आढळला होता (२००१). तिथे रोज हळद खातातच ना!

पेवाशेजारचा: मी सांगलीचा, हळदीच्या पेवांशेजारी वाढलो. आमच्या आजोबांनी जन्मभर हळद खाल्ली आणि शेवटी मला वडिलांच्या नावाने हाक मारायचे. एका घरावरून काही ठरत नाही हे मान्य, पण मग बल्लभगडवरूनही ठरत नाही. कमी आयुर्मान, आजारानंतर माणूस फार न टिकणं ही कारणं त्या अभ्यासकांनीच मांडली होती. हळद आपण चिकटवली.

मिरपूड: इतकं झटकू नका. लॉस एंजेलिसला २०१८ मध्ये ४० जणांवर चाचणी झाली. रोज दोनदा ९० मिलिग्रॅम कर्क्युमिन, दीड वर्ष. स्मरणशक्ती सुधारली.

पेवाशेजारचा: ती माणसं डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) नव्हती, आणि कर्क्युमिन जास्त शोषलं जाईल असं मुद्दाम बनवलेलं होतं. प्रत्यक्ष अल्झायमरच्या रुग्णांना २०१२ च्या चाचणीत २४ आठवडे रोज २ ते ४ ग्रॅम देऊनही फरक पडला नाही. रक्तात फारसं पोचलंच नाही.

मिरपूड: म्हणूनच मिरी घालायची. बंगळुरूच्या १९९८ च्या प्रयोगात मिरीतल्या पिपेरीनने शोषण वीसपट वाढलं होतं.

पेवाशेजारचा: २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिनवर! हळदीत ते साधारण ३ टक्के. म्हणजे ६०-७० ग्रॅम हळद. कालवण कोण खाणार ते?

निवृत्त कंपाउंडर: गिंको नावाच्या झाडाच्या पानांचीही अशीच हवा होती. अमेरिकेत तीन हजारांवर वृद्धांवर सरासरी सहा वर्षं चाचणी झाली, २००८ मध्ये निकाल आला: डिमेन्शिया टळला नाही. सूनबाई, सासूबाईंना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कर्क्युमिन नको. आणि आधी बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड बघा, विसरणं त्यामुळेही असू शकतं. ऐकूसुद्धा नीट येतंय ना?

मिरपूड: बी-१२ चं पटलं. तरी रोजच्या भाजीतली हळद मी सोडणार नाही.

पेवाशेजारचा: सोडा म्हटलंय कुणी? सांगलीकर उपाशी मरेल.

धाकटी सून: काका, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे! कर्क्युमिनचा डबा कपाटात ठेवला. उद्या रक्त तपासायला नेते. पण जाऊबाईंचा रोज फोन येतो, ‘दिल्यास का?’ त्याचं काय करू?