मदत हवी आहे: सोयाबीनच्या रानात एक एकर घरच्या खाण्यापुरतं करायचंय, कसं जमवू?

नमस्कार मंडळी, मी भूम तालुक्यातली (जि. धाराशिव). आमचं तीन एकर कोरडवाहू रान आहे, त्यातलं एक नदीकडंचं काळं अन् दोन मध्यम, आणि मागची सात-आठ वर्षं सगळ्यात सोयाबीनच. 2025 च्या सप्टेंबरात जो पाऊस झाला तो सगळ्यांनी बघितलाच, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं, शेंगा झाडावरच उगवल्या, आणि जे हाती आलं ते डागी म्हणून व्यापाऱ्यानं क्विंटलला 3100 रुपयांनं घेतलं. हमीभाव 5328 होता पण तसला माल तिथं कोण घेतंय.

पण भावाचं रडगाणं गायला मी आले नाही. मला खरं लागलं ते दिवाळीनंतर, घरात पैसा नाही अन् कणगीत दाणाही नाही. सहा माणसांना दोन्ही वेळच्या भाकरीला रोज दीड किलो पीठ लागतं, म्हणजे महिन्याला 45 किलो. रेशन माणशी 5 किलोप्रमाणे 30 किलो येतं आणि ते गहू-तांदूळ. ते आहे म्हणून चूल पेटली हे मी मान्य करते, पण ज्वारी, डाळ, तेल सगळं दुकानातून, आणि म्हशीला कडबासुद्धा विकत. शेतकऱ्याच्या घरात ज्वारी विकत आणायची ही गोष्ट आत्यांना (सासूबाई) फार लागते. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी मिलो खाल्लाय, त्या म्हणतात तेव्हा रानात पिकलंच नव्हतं, आता पिकतंय तरी घरात नाही.

म्हणून यंदा एक एकर खाण्यासाठी ठेवायचं मी ठरवलंय. मूग, उडीद, तूर, शाळू (रब्बीची ज्वारी), थोडी मटकी-हुलगा, बांधाला अंबाडी अन् कारळं, असं आत्या सांगतात. मामा (सासरे) गप्प आहेत. आमचे हे म्हणतात की सोयाबीन निघायलाच दसरा होतो, मग शाळू पेरणार कधी, आणि एक एकर अडकवला तर दुकानाची उधारी कशातून फेडायची. त्यांचंही चुकत नाही.

अडचणी अशा: शाळूसाठी रान वेळेवर मोकळं कसं होईल? बी कुठलं घेऊ? साठवलेल्या धान्याला किडे लागतात, शेजारी गोळ्या टाकतात, त्या टाकाव्यात का? आणि आमचा 11 बायकांचा बचत गट आहे, गटात धान्य बँक करायची म्हटली तर हिशोब कसा ठेवायचा? कुणी केलंय का? मृग तोंडावर आलाय, लवकर सांगा.

प्रतिसाद
ताई, त्या एकरात सोयाबीन करूच नका, तिथं जूनला मूग-उडीद टाका, ऑगस्टअखेर निघतो, कुळवाच्या दोन पाळ्या घालून रान तयार ठेवा अन् 15 सप्टेंबरपासून पुढं ओल बघून शाळू पेरा. पूर्वी आपल्याकडं हेच होतं, सोयाबीन आलं अन् शाळूची जागाच गेली. काळ्या रानाला मालदांडी किंवा परभणी मोती, मध्यमला फुले सुचित्रा. एकरी 4 किलो बी पुरतं, काणी (कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी होणारा रोग) पडू नये म्हणून किलोला 4 ग्रॅम गंधक चोळा. तूर मात्र उरलेल्या सोयाबीनमध्ये घाला, सोयाबीनच्या चार ओळीला तुरीच्या दोन, बीडीएन 711 हे तुरीचं वाण लवकर येतं, एक गेलं तर दुसरं राहतं.

आणि त्या गोळ्या राहत्या घरात अजिबात ठेवू नका!! त्यातून जो गॅस निघतो त्यानं झोपेत माणसं गेलीत. धान्य दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवा, कडुलिंबाचा पाला वाळवून थरावर थर घाला, आणि बियाचं तेवढं राखेत, मडक्यात.

प्रतिसाद
आमच्या गटात आहे धान्य बँक. सुगीला प्रत्येकीनं 20 किलो घालायचं, आषाढ-श्रावणात लागेल तिनं न्यायचं, सुगीला सवाईनं परत. रोख घ्यायचं नाही म्हणजे नाहीच, एकदा रोख घेतलं की दाणा परत येत नाही. कोठीला दोन कुलपं, किल्ल्या दोघींकडं. ज्या वर्षी पीकच गेलं त्या वर्षी सवाई माफ, हे आधीच वहीत लिहून ठेवा, नंतर भांडणं होतात. आपल्या धाराशिव-लातूरकडं स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं एक एकर मॉडेल (एकरभर रानात घरच्या खाण्याची पिकं) बायकांबरोबरच केलंय, त्यातल्या एखादीच्या रानात जाऊन बघा, ऐकण्यापेक्षा बघितलेलं घरच्यांना पटतं.

धागाकर्ती
दादा, ताई, खूप आभार. गोळ्यांचं वाचून रात्रीच शेजारच्या काकूंना सांगून आले, त्यांच्या पोत्यांशेजारी लेकरं झोपतात. ह्यांनाही मूग-शाळूचं पटलंय, पण पहिल्या वर्षी अर्धाच एकर म्हणाले, मी हो म्हटलं.

आता मामा पहिल्यांदा बोलले अन् नवीनच अडचण निघाली. सगळ्या शिवारात सोयाबीन-हरभरा अन् मधे आपला अर्धा एकर शाळू, तर गावाची सगळी पाखरं त्यावरच येणार, दाणा भरायच्या महिनाभरात कणसं रिकामी करतील. पूर्वी शिवारभर ज्वारी होती तेव्हा पाखरं वाटून खायची. म्हणून गटातल्या ज्यांची रानं एकमेकींना लागून आहेत अशा चौघींनी एकाच आठवड्यात पेरायचं अन् एकच माळा बांधून राखणीच्या पाळ्या लावायच्या असं चाललंय. अशी सामायिक राखण कुणी केलीय का? पहाटे अन् तिन्हीसांजेला किती जणी लागतात, आणि जिची पाळी चुकली तिचं काय करता?