वर वर, खाली खाली, डावं उजवं डावं उजवं... तुम्हाला कुणी शिकवलं?

पेठेतला

काल संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खात उभा होतो. शेजारी एक कॉलेजातला पोरगा, टीशर्टवर नुसते बाण छापलेले. दोन वर, दोन खाली, मग डावं उजवं डावं उजवं आणि शेवटी बी, ए. मी मोठ्यानं वाचलं आणि पुढं "स्टार्ट" पण म्हणून टाकलं. पोरगा म्हणाला, "काका, तुम्हाला पण माहिताय?" अरे, आम्हाला नाही तर कुणाला माहीत असणार!

तेव्हापासून डोक्यात आमच्या लहानपणच्या व्हिडिओ गेमचा तोच कोड चाललाय, म्हणून लिहितोय.

१९९५ च्या आसपास शिवाजी पेठेत आमच्या बोळात एकाच घरी सामुराई, म्हणजे टीव्हीला जोडायचा गेमचा सेट, होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत अख्खा बोळ त्या घरात. काकूंनी कधी हाकललं नाही, फक्त चपला ओळीत लावा म्हणायच्या. कॉन्ट्रा या गोळीबाराच्या गेमला तीन लाइफ मिळायच्या आणि तीनात तिसऱ्या स्टेजचा धबधबा कुणाच्यानं चढायचा नाही. दोघं खेळताना एक उड्या मारत वर गेला की स्क्रीन वर सरकते आणि खाली राहिलेला मरतो. त्यावरून रोज भांडणं.

मग मे महिन्यात शेजाऱ्यांचा भाचा मिरजेहून आला. त्यानं गेमचा बटणांचा रिमोट मांडीवरच्या उशीखाली घेतला, खटखट केलं आणि तीस लाइफ! आम्ही गार. कसं केलंस विचारलं तर म्हणाला, आधी खासबागेतली भेळ. भेळ खाल्ली आणि तरी सांगितलं नाही. शेवटी माझी चुलत बहीण, पहिलीतली, टीव्हीपुढं पालथी पडून उशीखालून बघत बसली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाढ्यासारखं म्हणून दाखवलं. आमच्या बोळाला कॉन्ट्रा त्या पोरीमुळं सुटला. ती आता बँकेत आहे, पण भेटलो की आम्ही दोघं तेच म्हणतो.

तेव्हा इंटरनेट नव्हतं. जे कळायचं ते कुणीतरी सांगितलं तरच. म्हणून नुसता आवडता गेम लिहू नका, कुणाकडून शिकलात तेही लिहा.

शाहूपुरी पाचवी गल्ली

लई भारी विषय भावा!! आमच्यात बी ए नंतर सेलेक्ट पण दाबायचे. मावसभावानं शिकवलं. बाकीचं रात्री लिहितो, दुकानात गिऱ्हाईक आहे.

उद्यमनगरकर

सेलेक्ट कोडमध्ये नाही. सेलेक्टनं खालचा 'दोन प्लेअर' निवडला जातो, एवढंच. एकटा खेळणार असशील तर थेट स्टार्ट.

हा कोड मूळ कॉन्ट्राचा नाही. कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ ला ग्रेडियस नावाचा विमानाचा गेम फॅमिकॉमवर आणताना घातला. तपासणीसाठी सारखा खेळावा लागायचा आणि तो त्यांना स्वतःलाच अवघड जायचा. म्हणून सगळी शस्त्रं एकदम मिळतील असा कोड ठेवला आणि तो तसाच राहिला. २०२० मध्ये वारले. त्या दिवशी मी वर्कशॉपमधल्या पोरांना सांगितलं, कुणाला काय कळलं नाही, पण मला वाईट वाटलं.

आणि आपले सामुराई, मिडिया, लिटल मास्टर ही सगळी निन्टेंडोच्या त्या फॅमिकॉमचीच नक्कल. तो जपानात १५ जुलै १९८३ ला आला. आपल्याकडं घरोघरी पोचेपर्यंत दहा-बारा वर्षं गेली, पण मजा काय शिळी झाली नव्हती.

बावड्याची आक्का

माझा डक हंट, टीव्हीवरची बदकं बंदुकीनं मारायचा गेम. आम्ही कसबा बावड्यात, घरात तीन भाऊ आणि मी एकटी. बंदूक माझ्या हातात कधी यायचीच नाही. "तुला जमत नाही, तू बघ." मग एकदा मी दुसरा रिमोट घेऊन गप बसलो होतो (होय, आम्ही बायका पण 'बसलो'च म्हणतो, पुण्याच्या लोकांनी हसू नये) आणि सहज बटण दाबलं तर बदक माझ्या बोटानं फिरायला लागलं!

एकच बदक येतं त्या पहिल्या प्रकारात दुसऱ्या रिमोटनं बदक उडवता येतं. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी सांगितलं पण नाही. थोरला भाऊ नेम धरायचा, मी बदक कोपऱ्यात न्यायचे. तो म्हणायचा आज बंदूक बिघडली. गेममधलं कुत्रं खुदूखुदू हसायचं आणि मी तोंडात पदर, म्हणजे फ्रॉक, कोंबून बसायचे.

कुणाकडून शिकले? कुणाकडून नाही. माझं मीच शोधलं. मुलीला आता हे सांगते तेव्हा तिला लई आवडतं.

तिकटीवरचा

आक्का नाद खुळा 👏👏 भावाला अजून माहीत नाही?

बावड्याची आक्का

त्याच्या साखरपुड्यात सांगितलं. सगळ्या पाहुण्यांसमोर.

गडहिंग्लजचा

बंदुकीचं मला कधी कळलं नाही. टीव्हीला कसं कळायचं कुठं मारलं ते? नवीन टीव्हीवर लावून बघितली, एक पण बदक पडत नाही.

उद्यमनगरकर

टीव्हीला कळतच नाही, बंदुकीला कळतं. बंदुकीतून काही निघत नाही, तिच्या तोंडात उजेड ओळखणारा सेन्सर असतो. घोडा दाबला की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीला आधी काळं, मग पांढरं दिसलं की नेम लागला. नवीन टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो, तेवढ्यात बंदुकीचा हिशोब संपलेला असतो. जुना डबा टीव्हीच पाहिजे.

गडहिंग्लजचा

आयला, इतकी वर्षं मी बंदुकीला नावं ठेवालतो. धन्यवाद.

आमच्याकडं सेट नव्हता कुणाकडं. एसटी स्टँडजवळ एक जण तासावर द्यायचा. तासातली पहिली दहा मिनिटं कॅसेट लागायलाच जायची. काढ, फुंक, परत घाल.

शाहूपुरी पाचवी गल्ली

आलो परत. फुंकर मारायची पण एक पद्धत होती. डावीकडून उजवीकडं एका दमात. मधे थांबलं की पाप.

उद्यमनगरकर

फुंकरीचा काही उपयोग नव्हता रे. कॅसेट काढून परत बसवली की पिना नीट टेकायच्या, म्हणून चालायची. तोंडातल्या ओलाव्यानं उलट तांबं खराब होतं. माझे वडील टर्नर, त्यांनी मला खोडरबरानं पिना हलक्या हातानं घासायला शिकवलं आणि वर थोडं स्पिरिट. मग आसपासच्या सगळ्या कॅसेटी माझ्याकडं यायला लागल्या. पैसे नाही घ्यायचो, फक्त एक रात्र कॅसेट माझ्याकडं राहायची. इतके गेम मी त्यामुळंच बघितले. आज मी कंट्रोल पॅनेल दुरुस्त करतो, त्याचं मूळ तिथंच आहे.

शाहूपुरी पाचवी गल्ली

फुंकरीनंच चालायची. मी ऐकणार नाही 😄

राजारामपुरीची मीनाक्षी नव्हे

नाव कुणी विचारू नका. आम्ही बहिणी 'आयलँडर' खेळायचो, तोच तो टोपीवाला, दगडी कुऱ्हाड फेकणारा. मूळ नाव ॲडव्हेंचर आयलंड. फळं खात पळायचं, थांबलं की एनर्जी संपते. आणि अंड्यातून कधीकधी वांगं निघायचं, ते डोक्यावर बसलं की एनर्जी झरझर उतरायची. आईला हे कळल्यावर ती चिडली होती, म्हणाली, "त्या जपान्यांना कुणी भरलं वांगं करून घातलं नसेल." त्या आठवड्यात दोनदा वांगं झालं.

पहिल्या स्टेजच्या शेवटी लपलेलं अंडं असतं, त्यात मधमाशी. ती घेतली असेल तर गेम ओव्हर झाल्यावर बाण दाबून धरून स्टार्ट केलं की तिथूनच पुढं. हे वर्गातल्या एका मुलीनं सांगितलं. सातवीत ती शाळा सोडून गेली, वडिलांची बदली झाली. जिथं असेल तिथं सुखी असो, तिच्यामुळं आम्ही बर्फाच्या स्टेजा बघितल्या.

पुण्यात अडकलेला

भरलं वांगं... इथं हिंजवडीत रात्रीचे साडेदहा वाजलेत आणि मी डब्यातली मुगाची खिचडी खातोय. गंगावेशीचा दूध कट्टा चालू आहे का अजून?

तिकटीवरचा

आहे की. कधी येतोस? म्हैस समोर, ग्लास हातात. दिवाळीला ये.

पुण्यात अडकलेला

येणार. बरं विषयावर. टँकचा गेम, बॅटल सिटी. त्यात स्वतःची स्टेज बांधता यायची आणि आमच्यात फुटबॉलची मॅच असली की त्यावर मारामारी. भाऊ विटांनी त्याच्या टीमचं 'पीटीएम' (पाटाकडील तालीम मंडळ) लिहायचा, मी उठून ते पुसून माझ्या टीमचं 'दिलबहार' लिहायला घ्यायचो, तर अक्षरं मावायची नाहीत. भाऊ म्हणायचा, टीमच असली घ्यावी की मैदानात मावंल. शाहू स्टेडियमवर जेवढं ओरडलो नाही तेवढं त्या टीव्हीपुढं ओरडलोय.

दोघं खेळताना आपली गोळी आपल्याच गड्याला लागली की तो थोडा वेळ गोठतो. भाऊ मुद्दाम मारायचा. मी गोठलेलो आणि शत्रू आपल्या तळावरच्या गरुडापर्यंत. पण फावडं कधी घ्यायचं हे त्यानंच शिकवलं. ते घेतलं की गरुडाभोवतीच्या विटा थोड्या वेळासाठी पोलादी होतात. तोपर्यंत तळ सोडून पुढं जायचं. तो आता दुबईत आहे. हा धागा त्याला पाठवला, पीटीएमचा झेंडा टाकलाय फक्त.

कावळा नाका

पीटीएम 💪💪💪

शिरोलीकर

मी सहसा लिहीत नाही. माझे वडील ट्रक चालवायचे. कोल्हापूर ते रत्नागिरी, कधी गगनबावड्याच्या घाटातून खाली. घरी आले की अंघोळ, जेवण आणि मग रोड फायटर. आवाज बंद करून, कारण आई झोपलेली असायची.

त्यात पेट्रोल सतत उतरत असतं आणि रंगीत गाडीला धडकलं की वाढतं. वडिलांना धडकणं पटायचंच नाही. म्हणायचे, पेट्रोल पाहिजे म्हणून कुणी गाडीला गाडी लावतं का. ते सगळ्या गाड्या सोडून, जागा देऊन चालवायचे. पेट्रोल संपायचं, गाडी थांबायची, ते रिमोट माझ्याकडं द्यायचे. पण कितीतरी वेळ कुठं न धडकता गेलं की रस्त्याकडेनं एक माणूस उडत जातो ना, आम्ही त्याला सुपरमॅन म्हणायचो, तो माझ्या डावात क्वचित यायचा आणि त्यांच्या डावात नेहमी. मला अडवून दाखवायचे, बघ आला.

गाडी घसरली की घाबरून हात सोडायचा नाही, हे त्यांनी मला त्या रिमोटवर शिकवलं. नंतर खऱ्या गाडीवरही. आता नाहीत ते.

बावड्याची आक्का

दादा, वाचून थांबले. असे वडील मिळायला नशीब लागतं.

उद्यमनगरकर

उडणारा तो कोनामी मॅन. त्याचे गुण मिळतात. तुमचे वडील बरोबर खेळत होते.

शिरोलीकर

हे माहीत नव्हतं. आईला सांगतो.

इचलकरंजी लूम

मारिओवर कुणीच कसं लिहीना? १-२ मध्ये, म्हणजे पहिल्या वर्ल्डच्या दुसऱ्या स्टेजला, छतावरून पळत शेवटाला गेलं की तीन पाइप, थेट चौथ्या वर्ल्डला. आमच्या मागाच्या शेडमधला कांडीवाला पोरगा होता, त्यानं दाखवलं. शाळेत जात नव्हता, पण ७-४ मधली खाली जायचं की वर ही सगळी वाट त्याला पाठ. चुकलं की तेच तेच परत येतं तिथं. मी वहीच्या मागं लिहून घेतली, तो सांगायचा, मी लिहायचो.

३-१ च्या पायऱ्यांवरच्या कासवाची ट्रिक पण त्याचीच. कवच पायरीला आपटत राहतं, आपण वर उड्या मारायच्या, लाइफ वाढतच जातात. पण हाव करायची नाही म्हणायचा. त्याचं बरोबर होतं, १२७ च्या वर गेलं की पुढच्या मरणाला थेट गेम ओव्हर.

शाहूपुरी पाचवी गल्ली

मारिओतला ढग आणि झुडूप एकच चित्र आहे, रंग फक्त वेगळा. माहिताय का? जागा वाचवायला. अख्खा गेम ४० किलोबाइट. आज सकाळी आलेला 'शुभ सकाळ'चा फोटो त्यापेक्षा मोठा हाय.

कावळा नाका

खरंच की!! आत्ता बघितलं. ढगच हाय.

पेठेतला

सगळ्यांचं वाचतोय, दुकान बंद करायचं राहिलंय. इचलकरंजी, त्या कांडीवाल्या मित्राचा पत्ता लागतोय का बघा. शिरोलीकर, मनापासून नमस्कार.

व्हीनस कॉर्नर

आमचा सेट २०१९ च्या पुरात गेला. तळमजल्यावर पाणी, वर काय न्यायचं तर आधी कागदपत्रं, गॅस, आजी. सेट कपाटात खाली होता. चिखल काढताना रिमोट सापडला, सेट नाही. मुलगा आता सहावीत आहे, त्याला टँकचा दाखवायचाय. कुणाकडं जुना चालू सेट आहे का? विकत घेतो.

तिकटीवरचा

माझ्या सासऱ्यांकडं मिडियाचा आहे, अडॅप्टर नाही. फुकट घेऊन जा, लेकराला खेळू दे. दसरा चौकात भेटू.

व्हीनस कॉर्नर

उपकार झाले भावा. अडॅप्टर लक्ष्मीपुरीत मिळतोय का? कितीचा घ्यायचा?

उद्यमनगरकर

सेटच्या मागं व्होल्ट लिहिलेले असतात, तेवढाच घे. पिनेचं प्लस मायनस पण तिथंच छापलेलं असतं, काहींना आत मायनस असतं. उलटं लावलंस तर सेट जाईल. नाहीतर असं कर, रविवारी सेट घेऊन माझ्याकडं ये, मीटर लावून बघू. कॅसेटी असतील तर त्या पण आण, पिना साफ करून देतो.