पोरांच्या आयसीयूतल्या सिस्टर थकतात तो त्यांचा दोष का?

जीरावन (इंदूर): बायको इथल्या एका खासगी हॉस्पिटलात एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, सिस्टर आहे. काल नाइट करून आली, मी छप्पन दुकानवरून पोहे आणलेले, तर घास हातातच ठेवून म्हणते पंप वाजतोय का रे? औषधाचा पंप इथे कुठला, शेजारचा मिक्सर. तिथे ९०० ग्रॅमचं बाळ, डोस किलोवर काढायचा, दशांश चिन्ह एक घर सरकलं की दहापट औषध, आणि अशी ४ बाळं एकटीकडे. तक्रार केली तर एचआरने स्ट्रेसवरचं सेशन ठेवलं, तेही तिच्या ऑफच्या दिवशी! बर्नआउट वगैरे नाव काहीही द्या, प्रश्न ड्यूटी चार्टचा आहे.

रामबागकर: राग मानू नका भिया, पण थकत कोण नाही? पीथमपूरला कारखान्यात २२ वर्षं शिफ्ट केली, आम्हाला कुणी विचारलं नाही. पोरांकडे बघून तर उलट थकवा जातो.

जीरावन: काका, तुमचं मशीन बिघडलं तर त्याची आई काचेबाहेर उभी नसायची.

मुन्नूची आई: मी होते उभी, १८ दिवस. ऑक्सिजन कमी का करताय विचारलं तर सिस्टर खेकसली, तुम्हाला कळतं का? नंतर डॉक्टर म्हणाले, जास्त ऑक्सिजनने अशा अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांना धोका असतो. हे तिला सांगता आलं नसतं? थकली असेल, मान्य, पण मीही ओले टाके घेऊन उभी होते ना.

पांढरा एप्रन: डब्ल्यूएचओने २०१९ मध्ये बर्नआउटला आजार नाही म्हटलं, कामातून येणारी अवस्था म्हटलं. थकवा ही त्यातली एकच खूण, कामाबद्दल मन आटणं ही दुसरी. माझं तेच झालं. एक बाळ गेलं, बाळाला ऊब देणारा वॉर्मर पुसला, थोड्या वेळात दुसरं ठेवलं आणि मला काहीच वाटलं नाही. त्याचीच भीती बसली. आता ओपीडीत लसी देते.

रामबागकर: बरं, स्टाफ वाढवा म्हणता, मग बिल कोण भरणार? आधीच एनआयसीयूचं बिल बघून माणूस बसतो.

मुन्नूची आई: तेही भरलंय काका. जीरावन, वहिनींना विचारा ना, आईबापांना समजावून सांगायला वेळ मिळतो का? टोमणा नाही, खरंच विचारतेय.

जीरावन: विचारलं. म्हणाली दुपारच्या शिफ्टला मिळतो, रात्री नाही. आता झोपलीये.