या वर्षी कानात काय अडकलं? २०२४ ची इंडी, डान्स आणि रॅप गाणी (अनुभव धागा)

चटईवरचा
परवा रायबंदरला फेरीबोटीत स्कूटर चढवून उभा होतो, चोडणला जायचं होतं. बाजूला एक पोरगा मोबाइलवर हनुमानकाइंड या रॅपरचं 'बिग डॉग्स' फुल आवाजात लावून बसलेला. इंजिनाची घरघर एकीकडे आणि तो बेस एकीकडे, दोन्ही मिळून बोटीच्या पत्र्यातून थेट पायात यायला लागलं. आणि मला एकदम मावशीची चटई आठवली.

९५-९६ ची गोष्ट. माझी मावशी हणजूणच्या (अंजुना) किनाऱ्यावरच्या ट्रान्स पार्ट्यांत चहा विकायची. एकटी नाही, गावातल्या कितीतरी बायका असायच्या, ओळीने चटया, प्रत्येकीचा रॉकेलचा दिवा, स्टो, आल्याचा चहा, केक, ऑम्लेट-पाव. मी नाताळच्या सुट्टीत तिच्याकडे, वय आठ, काम कप विसळणं. गाण्याला शब्द नाही, गायक नाही, पहाटेपर्यंत नुसतं धुप्प धुप्प. मला सगळं सारखंच वाटायचं पण मावशीला कळायचं. ती मधेच मान वर करून म्हणायची, "किटली भर रे, आता हा डीजे ठोका सोडणार." आणि खरंच दोनेक मिनिटांत ठोका गळायचा, मागे वाऱ्यासारखं काहीतरी उरायचं आणि नाचून दमलेले लोक चटईवर येऊन पडायचे. ठोका परत आला की अर्धा कप तसाच टाकून पळायचे, पैसे आधीच घेतलेले असायचे. ब्रेकडाउन, ड्रॉप हे शब्द मला कॉलेजात कळले, हिशोब आधीच पाठ होता.

तर माझी यावर्षीची: जेमी एक्सएक्स या ब्रिटिश डीजेचा 'इन वेव्ह्ज', २०१५ च्या 'इन कलर' नंतर नऊ वर्षांनी आला बाबाचा स्वतःचा अल्बम, सप्टेंबरात. भांडी घासताना ऐकलाय सगळा. दुसरं 'तांबडी चामडी', ते मराठी हाऊस (नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत) गाणं, त्याबद्दल इथे कोणी ना कोणी लिहीलच. तिसरं ते फेरीबोटीतलं 'बिग डॉग्स'.

तुम्ही पण लिहा. नुसत्या याद्या नकोत, कुठे ऐकलं, बाजूला कोण होतं ते सांगा.

घुमट_वाजतंय
मीच लिहितो मग 'तांबडी चामडी' वर 😄 ७ सप्टेंबरला चवथ (गणेश चतुर्थी), आमच्या वाड्यावर घरोघरी आरत्या करत फिरतो आम्ही, मी घुमटावर (मडक्याला कातडं लावलेलं वाद्य), चुलतभाऊ शामेळावर (काठ्यांनी वाजवायचा ढोल), झांजा ज्याच्या हाताला लागतील त्याच्याकडे. चौथ्या घरी करंज्या खाऊन सगळे सुस्त आणि हा चुलतभाऊ आरती संपल्या संपल्या शामेळावर तोच ठोका धरतो. हाऊस म्हणजे काय, चारही ठोके सरळ, घुमटाला त्यात करायला तसं काही नाही. पण घुमटाचं मागचं तोंड डाव्या तळव्याने झाकलं-उघडलं की बेस वर-खाली वाकतो ना, ते केलं आणि पोरं उठलीच. घरातली आजी म्हणाली चांगलं आहे, कुठल्या देवाची आरती ही. कोणी काही बोललं नाही.

रेडा_बोलका
@घुमट_वाजतंय ते गाणं ज्याने केलं तो क्रेटेक्स, पुण्याचा, आडनाव घोरपडे. घुमटाला पूर्वी कातडं कशाचं लावायचे? घोरपडीचं. म्हणजे चामडी तीच, फक्त आता कायद्यात बसते.

घुमट_वाजतंय
🤣🤣 आमचं बकरीचं आहे हां, वनखात्यात कोणी असेल तर वाचून घ्या

सुलभा_फोंडा
मी बारावीला शिकवते. जूनपासून मुलींच्या वह्यांची कव्हरं, पेनं, नखं सगळं त्या पोपटी-हिरव्या रंगाचं, मला वाटलं कुठल्या हाउसचा रंग वगैरे. मग मुलीने घरी सांगितलं, चार्ली एक्ससीएक्स या इंग्लिश गायिकेच्या 'ब्रॅट' अल्बमचा रंग आहे तो. कॉलिन्स डिक्शनरीने तर 'ब्रॅट' हा वर्षाचा शब्दच केला. मी लेकीला म्हटलं ब्रॅट म्हणजे हट्टी कार्टी, हे काय मिरवायचं, तर म्हणाली आई तू आधी ऐक. आता तांदूळ निवडताना त्यातलं '३६०' लावते मी. लेकीला सांगू नका. बाकी पोळ्या करताना ते चालत नाही, हात फार भरभर चालतो आणि पोळी फाटते.

बेल्ट_पाहिजे
कॅसेटचा विषय निघालाय म्हणून विचारतो, म्हापशात टेपरेकॉर्डरचा बेल्ट कुठे मिळेल का? जुना फिलिप्स आहे.

रेडा_बोलका
कॅसेटचा विषय कोणी काढला?

बेल्ट_पाहिजे
९५-९६ म्हटलं ना वर

चटईवरचा
तिथे कॅसेट नसायच्या बरं का, डीजे लोक डॅट (छोट्या डिजिटल) टेपा वापरायचे. रेकॉर्ड आणल्या तर उन्हाने वाकायच्या. बेल्ट शुक्रवारच्या बाजारात बघा, एकजण जुने रेडिओ घेऊन बसतो.

पेडण्याचा_पखवाज
केंड्रिक लमार आणि ड्रेक या दोन रॅपरचं गाण्यांतून जे भांडण झालं मे महिन्यात त्यावर इथे कोणी लिहिलं नाही म्हणजे काय. अरे ही आपली डबलबारी! दोन बुवा समोरासमोर, रात्रभर भजन, अभंग, सगळं सोज्वळ सोज्वळ आणि मग गजराला (शेवटच्या जलद भागाला) आले की एकमेकांची जी काढतात. समोरच्याच्या पेटीपासून त्याच्या गुरूपर्यंत काही सोडत नाहीत. मी लहानपणापासून बाबांबरोबर बांद्यापर्यंत जायचो ऐकायला, पहाटे तीनला बाबा जागं करायचे, "ऊठ, आता मजा आहे." ड्रेकचं गाणं येऊन तास झाला नाही तर केंड्रिकचं उत्तर हजर, आणि दुसऱ्या दिवशी, ४ मे, 'नॉट लाइक अस'. हे दुसरं म्हणजे खरा गजर. आधीची गाणी विचार करून ऐकायची होती, हे अख्ख्या मंडपाला म्हणता येतं, मागे कोरस धरता येतो, समोरचा बुवा गेला तिथेच. माझा मुलगा सहावीत, त्याला वाटलं मला काही कळणार नाही. मी त्याला म्हटलं बस, मी सांगतो कोण हरलं ते. पंधरा मिनिटं बोललो. त्याने शेवटी विचारलं, पप्पा तुम्ही इंग्लिश कधी शिकलात.

सुलभा_फोंडा
शेवटची ओळ 😂😂

मोरजीची_खिडकी
तुमची सगळी आवडती गाणी आम्ही मोरजीत किनाऱ्यावरच्या पार्ट्यांमुळे फुकट ऐकतो. रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद असा नियम आहे तो इथे अंडी घालायला येणाऱ्या कासवांना माहीत आहे बहुतेक, बाकी कोणाला नाही. गाणं कळत नाही, फक्त काच थरथरते. माझं वर्षाचं गाणं: काच. पाळोळेला ते हेडफोन घालून नाचतात तेच बरं, बघायला वेड्यांचा बाजार पण झोप तरी लागते.

जुवारी_पार
'स्टारबर्स्टर', फॉन्टेन्स डी.सी. डब्लिनचा बँड आहे. एप्रिलमध्ये आलं. त्यांच्या गायकाला लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवर पॅनिक अटॅक आला होता त्यावरून आहे, आणि मधे मधे तो श्वास ओढतो, गाण्यातच, बुडताना वर आल्यासारखा. मला हे माहीत नव्हतं. मी जुवारीच्या नव्या पुलावर होते, मडगावहून घरी, ऑफिसचं बरंच काही डोक्यात, आणि हात गार पडायला लागले, मला होतं असं, दोन वर्षं झाली, घरी नीट सांगितलेलं नाही. प्लेलिस्ट आपोआप चालू होती त्यात हे लागलं. त्याने श्वास ओढला आणि मी पण ओढला. परत त्याने, परत मी. पूल उतरून बाजूला गाडी लावली आणि तीनदा ऐकलं. गाणं तसं सुंदर वगैरे नाही, कर्कश आहे. पण आता कारमध्ये असतं.

पेडण्याचा_पखवाज
ताई, काळजी घ्या. डॉक्टरना दाखवलंय ना?

जुवारी_पार
हो दादा, चालू आहे. खूप बरं आहे आता.

मोरजीची_खिडकी
मी वर चिडून लिहिलं, तुमचं वाचून ऐकलं ते गाणं. रात्री बारा वाजता. हेडफोन लावून 🙏

तारवावरून
सगळ्यांना हॅलो, सध्या समुद्रात, नेट आत्ताच आलं. मी क्रूझवर कॉफी काउंटरला आहे. सब्रिना कार्पेंटरचं 'एस्प्रेसो'. यावर्षी ज्याने ज्याने एस्प्रेसो मागितली त्याने गाऊन मागितली. आजोबा पण. दिवसाला किती म्हणून हसणार माणूस

रेडा_बोलका
ते पॉप आहे, धाग्यात बसत नाही

तारवावरून
तू ये इथे आणि त्यांना सांग

बेलफास्ट_ते_बेतोडा
नीकॅप! आयरिश भाषेत रॅप करणारी बेलफास्टची तिघं, जूनमध्ये 'फाइन आर्ट' अल्बम आला. त्यातला डीजे आधी शाळेत आयरिश शिकवायचा, आता झेंड्याच्या रंगाची माकडटोपी घालून उभा राहतो. ज्या भाषेत लोकांना फक्त परीक्षेचे धडे माहीत त्या भाषेत हे शिव्या देतात आणि पोरं नाचतात. मला इतका हेवा वाटला. आपल्याकडे आई घरात कोंकणी बोलते, पत्र मराठीत लिहिते, माझं भांडण बायकोशी होतं ते तिसऱ्याच भाषेत. रॅप करायचा तर कशात करू? चार ओळी लिहिल्या होत्या, तीन भाषा झाल्या, यमक एकाही भाषेत जुळेना.

गोंयकार_भाऊ
कोंकणीत कर. राजभाषा आहे.

रेडा_बोलका
१९८७ च्या त्याच गोवा राजभाषा कायद्यात मराठीचा पण उल्लेख आहे हो

गोंयकार_भाऊ
वापराला परवानगी म्हणजे राजभाषा नव्हे

सुलभा_फोंडा
झालं सुरू. उद्या रविवार आहे, नुस्तं (मासळी) आणायचं आहे सगळ्यांना, गाण्यांवर या बघू

बेलफास्ट_ते_बेतोडा
बघा, यावरच डबलबारी होईल. @पेडण्याचा_पखवाज पखवाज आणा.

केरीचा_म्हातारा
तुमची रॅप-बिप मला कळत नाही, नातवाने वाचून दाखवलं म्हणून लिहितो. आमच्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली, अजून जाते आहे. तिकडून कोणाची यादी आली तर कळवा.

घुमट_वाजतंय
आजोबा 🙏🙏 मैफल मारलीत

चटईवरचा
इतके लोक लिहितील वाटलं नव्हतं. काहींनी मावशीबद्दल विचारलं, ती आहे, सत्तरीच्या पुढे, गुडघे गेलेत पण कान शाबूत. आज मुद्दाम गेलो तिच्याकडे, फोनवर 'बिग डॉग्स' दाखवलं, व्हिडिओ बघायचा होता तिला, ते मौत का कुआँवालं, केरळात पोन्नानीला केलंय ते. ती गॅसवर चहा ठेवून येऊन बसली. मोटारी भिंतीवरून फिरल्या त्या आवडल्या. मी वाट बघत होतो की आता म्हणेल किटली भर. तेवढ्यात संपलंच, तीनेक मिनिटांचं तर गाणं. आत चहाला अजून उकळी नव्हती. म्हणाली, "एवढंच? ह्यात धंदा कसा व्हायचा?" मग मीच ९५ सालचं एक शोधून लावलं, नऊ मिनिटांचं, नाव मलाही माहीत नव्हतं. तिला पण नाव माहीत नव्हतं, पण सातव्या मिनिटाला उठून चहा गाळायला गेली.

रेडा_बोलका
ऑम्लेटमध्ये काय घालायची ते विचार ना. हणजूणला माझा काका अजून त्या ऑम्लेटबद्दल बोलतो.

चटईवरचा
कांदा, मिरची, भरपूर कोथिंबीर. आणि वाळू, ती आपोआप पडायची.

बेल्ट_पाहिजे
बेल्ट मिळाला! शुक्रवारी गेलो होतो, तोच माणूस. ४० रुपये. टेप फिरते पण थोडी हळू, लताबाई भीमसेनांसारख्या वाटतायत. कोणाला माहीत आहे का स्क्रू कुठला फिरवायचा?