खाली घेतलेल्या पिकअपला कुठले शॉक अ‍ॅब्सॉर्बर टाकू? मदत हवी आहे

मंडळी, माझी पिकअप पुढून २ आणि मागून ४ इंच खाली घेतलीय पण शॉक अजून जुनेच, मूळ लांबीचे. आता मागचा डावा तेलाने ओला झालाय, वर धुळीचा थर बसलाय, आणि गाडी रिकामी उभी असतानाही शॉकचा दांडा जेमतेम दीड इंच बाहेर दिसतो, म्हणजे छोट्या खड्ड्यातसुद्धा आत आपटणारच ना! बंप स्टॉप (चाक फार वर आलं की टेकणारा रबरी ठोकळा) शॉकच्या आधी टेकायला हवा, त्यामुळे कमी लांबीचेच घ्यायचे हे नक्की. पण माप कसं धरू, पूर्ण दाबलेली लांबी बघून की गाडी उभी असतानाची? मोनोट्यूब (एकाच नळीचे) घेऊ की ट्विनट्यूब (नळीत नळी असलेले), मागे कधीकधी सामान असतं. स्वतः बदललेल्यांनी प्लीज सांगा, दणक्यांनी पाठ गेलीय.